बाराखडी तोंडपाठ, तरी 'कमळ' वाचता येईना

प्रश्न असा आहे: मुलगा सात वर्षांचा, दुसरीत, मराठी शाळेत. बाराखडी 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत न अडखळता म्हणतो. पण पुस्तक समोर धरलं की 'क… म… ळ' असं सुटं सुटं वाचतो, आणि शब्द कोणता विचारलं की आईच्या तोंडाकडे बघतो. लिहिताना 'पाणि', 'फुल', कधी 'दूद'. शाळेत चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावतात. शेजारच्यांनी इंग्रजी फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याचा, क्लास सुचवलाय. तो लावावा, की आधी मराठी पक्की करून घ्यावी?

ताई, मी २९ वर्षं खानदेशात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पहिली-दुसरीला शिकवलं. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही पोरांकडून दहा-दहा वेळा शब्द लिहून घेतले. त्यामुळे मुलाच्या बाईंवर रागवायचा अधिकार मला नाही, तुम्हीही रागवू नका. पण त्याने काय होतं नि काय होत नाही, ते पुढे सांगते.

आधी एक करून बघा. कोऱ्या कागदावर फक्त 'मू' लिहा आणि हे काय, असं विचारा. बहुतेक तो मनातल्या मनात 'म मा मि मी मु मू' असा चालत येईल. ओठ हलताना दिसतील. आपल्याला आरती येते ना, तशी त्याला बाराखडी येते. मधल्या कडव्यातला एखादा शब्द कुणी विचारला तर आपणही 'सुखकर्ता'पासूनच सुरू करतो. तेव्हा पाठांतर झालंय, ओळख व्हायची आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि 'बाराखडी पाठ आहे' म्हणून निश्चिंत होण्यासारखंही नाही.

आता 'क-म-ळ'. इथे मुलगा चुकत नाहीये, आपण शिकवलं तेच तो इमानाने म्हणतोय. आपण त्याला सांगितलं, हा 'क', हा 'म', हा 'ळ'. प्रत्येकात 'अ' मिसळलेला आहे. पण आपण बोलतो तेव्हा शेवटचा 'अ' गिळून टाकतो. 'कमळ' म्हणताना शेवटी 'ळ्' एवढंच उरतं. 'गवत' बोलताना 'ग-वत्' असे दोनच ठोके पडतात. 'करवत' तर आणखी मजेशीर, लिहायला चार अक्षरं आणि बोलायला 'कर्-वत्' असे दोन तुकडे. मधला 'अ'ही गेला, शेवटचाही गेला. कोणता 'अ' गिळायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, बोलता बोलता जमलं. मुलालाही बोलताना जमतं. पण कागदावर 'क-र-व-त' असे चार सारखे ठोके त्याने मारले की त्याच्या कानावर पडतं ते त्याने आयुष्यात कधी ऐकलेलंच नाही. मग तो शब्द ओळखणार कसा?

आणि आपली जुनी पद्धत काय? आधी बिनकान्यामात्र्याचे शब्द, मग काना, मग वेलांटी. 'मदन, गवत धर' छापाची वाक्यं आधी आणि 'मामा' नंतर. हे बघायला सोपं वाटतं, कारण कागदावर चिन्हं कमी. पण डोळ्याला जे सोपं तेच इथे कानाला अवघड. 'मामा' लिहिताना दोन, बोलताना दोन, गिळायचं काही नाही. 'काकी', 'नाना', 'दादा', 'आजी', 'मका', 'मला', सगळे असेच. शेवटी काना किंवा वेलांटी असलेला शब्द पोराला पहिल्या आठवड्यात वाचता येतो, आणि 'गवत' वाचायला तेच पोर दिवाळीनंतर तयार होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मला उशिरा कळलेली एकच गोष्ट सांगा म्हटलं तर मी ही सांगेन.

म्हणून तुम्ही असं करा. चार व्यंजनं घ्या: म, न, क, ल. आणि दोनच खुणा: काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्या भांडवलावर किती शब्द होतात बघा. मामा, मामी, काका, काकी, नाना, नानी, मला, मका, नाक, कान, मान, काम, लाल, माल, मालक, कमान, नकली. 'नाना, मला मका' हे तर आख्खं वाक्य झालं, आणि त्यावर घरात हसताही येतं. हे हातात बसलं की र, स, त, प आणा, सोबत एक मात्रा. मग पुढचा गट. क्रमाने बाराखडी संपेपर्यंत शब्दाला हात लावायचा नाही, हा हट्ट सोडायचा.

हे मी शोधलेलं नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरांचे असे छोटे गट करून, स्वरचिन्हांसकट वाचायला शिकवण्याची पद्धत बसवली. मूळच्या अमेरिकन बाई, पण फलटणच्या मराठीचा अभ्यास करता करता तिथल्याच झाल्या. आणि कुणी म्हणेल की वर्णमालेचा क्रम मोडायचा म्हणजे फारच झालं, तर आपल्या पणज्यांनी धूळपाटीवर 'ग म भ न' असाच श्रीगणेशा केला होता. तो क्रम वर्णमालेचा नाही, हाताच्या वळणाचा आहे. हातासाठी क्रम बदललेला चालतो, तर कानासाठी का नाही?

गट करताना एक पथ्य पाळा. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व, ट आणि ठ एकाच आठवड्यात आणू नका. पहिलं पक्कं झाल्यावर दुसरं. दोन्ही एकदम दाखवून 'फरक बघ' म्हटलं की त्याच्या लक्षात फक्त एवढंच राहतं की या दोघांत काहीतरी भानगड आहे.

वाचताना बोट एकेका अक्षराखाली थांबवत नेऊ नका. 'बदक' असेल तर 'ब', मग 'बद', मग 'बदक'. मागचं सोडून पुढे जायचं नाही, प्रत्येक वेळी मागचं घेऊन पुढे. सुरुवातीला म, न, ल, स, र बरे पडतात, कारण ते ताणता येतात: 'माऽऽ…लाऽऽ' असं न तोडता म्हणता येतं. 'क', 'ट', 'प' ताणता येत नाहीत, फटकन संपतात, म्हणून ते आधी असतील तर जोडणं अवघड जातं. आणि शेवटी तो 'गवत' हा शब्द 'ग-व-त' असा पूर्ण अकारासह म्हणाला, तर त्याला 'चूक' म्हणू नका. म्हणा, 'आता आपण बोलतो तसं म्हण.' एवढ्यावर बरीच मुलं हसून 'गवत!' म्हणतात. हे हसू दिसलं की समजायचं, जोडलं गेलं.

आता कानाचं काम. वाचता न येण्याची मुळं बहुतेक वेळा इथे असतात, आणि याला वही-पेन्सिल लागत नाही. भाजी निवडताना, बसमध्ये, अंघोळीच्या वेळी होतं. आधी टाळ्या: 'भेंडी' किती टाळ्या, 'टोमॅटो' किती, 'आजोबा' किती. मग नावांच्या भेंड्या. मग 'शब्दातून एक काढ': 'पोपट'मधून 'पो' काढला तर काय उरलं? हे सगळं आपल्या मुलांना लवकर जमतं, कारण मराठी कान अक्षराने ऐकतो. खरी खिंड पुढे आहे.

मुलाला विचारा, 'काका' आणि 'कीर्तन' यांची सुरुवात सारखी आहे का? तो म्हणेल, नाही, एक 'का' आणि एक 'की'. त्याचं बरोबर आहे. पण बाराखडी ज्या पायावर उभी आहे तो पाया हाच, की 'का' आणि 'की' यांच्यात एक 'क्' समाईक आहे आणि त्याच्यापुढे आवाज बदलतोय. हा 'क्' सुटा काढून कानाला दाखवावा लागतो. नाहीतर मुलाच्या लेखी का, कि, की, कु ही बारा वेगळी चित्रं. एका व्यंजनाची बारा, तर सगळ्या व्यंजनांची चारशेच्या वर. पाठ करून करून किती करणार? आपल्या लिपीत अक्षर हे एकक ठळक असल्याने त्याच्या आतला सुटा ध्वनी मुलांना उशिरा कळतो, असं कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या कामातही दिसलं आहे. वर्गात मी ते रोज बघत होते, फक्त मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

मला हे एका चौथीतल्या टोळक्याने शिकवलं. मधल्या सुट्टीत पोरं 'च'ची भाषा बोलत होती. तुम्हीही लहानपणी बोलला असाल. 'मला'चं 'चलाम', 'काय'चं 'चायक', 'पाणी दे'चं 'चाणीप चेद'. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की ही पोरं नेमकं काय करताहेत. 'पाणी'तला 'प्' उचलून शेवटी नेला, त्याच्या जागी 'च्' बसवला, पण 'आ' होता तिथेच ठेवला. व्यंजन वेगळं, स्वर वेगळा, तेही पळता पळता! जे मी फळ्यावर 'प् + आ = पा' लिहून लिहून थकत होते ते ही पोरं खेळात करत होती, आणि त्यातला एक तर वाचनात कच्चा म्हणून मागच्या बाकावर बसवलेला होता. त्या दिवसापासून दुसरीच्या दुसऱ्या सत्रात मी 'च'ची भाषा मुद्दाम शिकवायला लागले. काही शब्द टाळावे लागतात, ते कोणते हे पोरांना आपल्या आधी कळतं.

सात वर्षांच्या मुलाला एकदम 'च' भाषा जमणार नाही. त्याआधीची पायरी अशी: घरातल्या सगळ्या वस्तूंची नावं एका व्यंजनावर आणायची. आज 'म'चा दिवस. मग 'भाजी'ची 'माजी', 'पोळी'ची 'मोळी', 'दूध' म्हणजे 'मूध'. जेवणाच्या ताटावर पाच मिनिटं हा धुमाकूळ घाला. काना, मात्रा, उकार तसेच राहतात आणि फक्त व्यंजन बदलतं, हे त्याचा कान शिकतो. मग उलट: व्यंजन तेच ठेवून स्वर बदला, 'बाबा'चं 'बीबी', 'बूबू', 'बोबो'. हे जमलेल्या मुलाला बाराखडीचा तक्ता दाखवला की तो म्हणतो, अरे, हे तर तेच!

खुणांची नावं आणि खुणांचे आवाज यांत गल्लत होऊ देऊ नका. 'क ला काना का' हे लिहिण्यापुरतं ठीक. वाचताना मात्र त्या उभ्या रेघेचा आवाज 'आ' आहे, 'काना' नव्हे. पहिली वेलांटी मी बरीच उशिरा आणते, कारण ती डाव्या बाजूला बसते आणि बोलायची मात्र नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेलं मूल 'कि' बघून आधी 'इ' म्हणायला जातं, आणि ते त्याच्या हिशोबाने बरोबरच असतं.

नुसती अक्षरओळख पुरत नाही, हे आता अभ्यासांतूनही पुढे आलंय. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर जिल्हा इथल्या सरकारी शाळांतल्या मुलांमागे शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं राहून वाचन-लेखनाचा अभ्यास केला. अक्षरं येतात पण शब्द-वाक्य वाचता येत नाही, अशी मुलं त्यांना तिसरीपर्यंत भेटत राहिली. तुमचा मुलगा एकटा नाही, एवढ्यासाठी सांगितलं. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेतही तिसरीपर्यंत समजून वाचता यावं, हेच उद्दिष्ट ठेवलंय. तुमच्याकडे अजून दीड वर्ष आहे.

आता लिहिण्याकडे येऊ. इथे दोन वेगळ्या जातीच्या चुका आहेत आणि सगळा घोटाळा त्या एकाच पोत्यात भरल्याने होतो. काही चुका कानाने सुधारतात. काहींना कान उपयोगाचाच नाही.

'दूद' ही पहिल्या जातीची. खरं सांगा, तुम्ही बोलताना 'दूध' म्हणता का? शब्दाच्या शेवटी 'ध', 'घ', 'भ' यांतला हकार आपल्या तोंडून निसटतो. 'वाग', 'दूद', 'जीब' असंच काहीतरी बाहेर येतं. पोराने ऐकलं तसं लिहिलं, म्हणजे त्याचा कान शाबूत आहे! इथे त्याला शेपूट लावायला शिकवा. 'वाघ' नाही कळत? म्हण 'वाघाला'. आता 'घ' ऐकू आला? 'दुधात', 'जिभेवर'. पुढे स्वर आला की हकार स्वच्छ वाजतो. ही एक युक्ती तिसरीपर्यंत शेकडो शब्दांना पुरते. 'आबा' लिहिलं आणि 'आंबा' हवं होतं, तर हळू म्हणून नाकाला बोट लावायला सांगा. नाक थरथरलं की डोक्यावर टिंब.

'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिलं असेल तर मात्र सांभाळून. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी अहिराणी बोलायची. त्यांच्या घरात 'पानी'च असतं, 'डोळा' हा 'डोया' असतो, 'काळा' हा 'काया'. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलीने चित्राखाली सुरेख अक्षरात 'डोया' लिहिलं आणि मी त्यावर लाल फुली मारली. आज वाटतं, तिने जे केलं ते ध्वनी ऐकून लिहिण्याचं उत्तम उदाहरण होतं, आणि मी तिला शिकवलं की तुझा कान खोटा आहे. ती नंतर बरेच दिवस फळ्यावरचंच उतरवून घ्यायची, आपलं काही लिहायची नाही. पुढे मी दोन रकाने करायला लागले: 'घरात म्हणतो', 'पुस्तकात लिहितो'. ज्या मुलांच्या बोलीत ण किंवा ळ नाही त्यांना तो आधी ऐकवावा लागतो, जोड्यांनी: सन-सण, मन-मण, गाल-गाळ, वेल-वेळ. ऐकू आला की लिहिता येतो. तोवर फुली मारण्यात अर्थ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं, तिथे मुलांच्या घरची भाषा आणि घरच्या वस्तू बालवाडीत आल्या होत्या. आपल्याकडे ही अक्कल नवी नाही, मध्येच कुठेतरी गहाळ झाली.

आणि 'शुद्धलेखन' हा शब्दच मला खटकतो. सरकारी कागदात 'लेखनविषयक नियम' म्हणतात, ते बरं. 'शुद्ध' म्हटलं की ज्याच्या घरात 'डोया' म्हणतात तो आपोआप अशुद्ध ठरतो.

आता दुसरी जात: कानाने न कळणाऱ्या चुका. श आणि ष आपण एकसारखेच उच्चारतो. 'ऋषी' आणि 'रुची' यांच्या सुरुवातीत कानाला फरक नाही. याच्या उलट प्रकार 'च' आणि 'ज'चा: 'चार बैलांना चारा घाल' या वाक्यात एकच अक्षर दोनदा येतं आणि दोन्ही वेळा वेगळं वाजतं. हे मुलांना सरळ सांगावं, की बाबा, इथे कान मदत करणार नाही, डोळ्यानेच लक्षात ठेवायचं. सांगितलं की त्यांना फार बरं वाटतं. आपल्यालाच काही ऐकू येत नाही, असं त्यांना वाटत असतं.

यातला सगळ्यात मोठा प्रांत ऱ्हस्व-दीर्घाचा. 'पाणि' की 'पाणी', 'फुल' की 'फूल'? शाळेत सांगतात, 'नीट ऐक, लांब आहे की आखूड.' ऐकून काय कळणार? मराठीत इ-ई, उ-ऊ यांच्या लांबीवरून रोजच्या शब्दांचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान ती लांबी मोजतच नाही. 'दिन' आणि 'दीन' अशा जोड्या आहेत, पण त्या संस्कृतातून आल्या आहेत आणि बोलताना तिथेही आपण संदर्भानेच अर्थ लावतो. तेव्हा हे नियमाने शिकवायचं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली राज्य सरकारने स्वीकारले, ते १४ होते; १९७२ मध्ये आणखी ४ आले, असे १८. (त्याआधी 'नाहीं', 'कांहीं' अशी टिंबं होती, आजोबांच्या जुन्या पत्रांत दिसतील. एका फटक्यात गेली, आणि कुणाचं वाचायचं अडलं नाही.)

त्या अठरा नियमांतले मुलाच्या कामाचे दोन. शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: पाणी, चिमणी, पिसू, गुरू. आणि शब्द अकारान्त, म्हणजे शेवटी 'अ' असलेला, असेल तर शेवटून दुसरा दीर्घ: फूल, वीट, गरीब, बहीण, विहीर. मी बरीच वर्षं हे दोन नियम म्हणून शिकवले. मग एकदा फळ्याशी उभी असताना ध्यानात आलं की हा एकच नियम आहे. 'फूल' बोलताना शेवटचा 'अ' आपण गिळतोच की! मग बोलण्यात शेवटचा स्वर कोणता उरला? 'ऊ'. 'विहीर'मध्ये? 'ई'. 'पाणी'त? 'ई'. म्हणजे बोलताना जो स्वर शेवटी येतो, तो इ किंवा उ असेल तर दीर्घ. आणि शेपूट लावलं की शेवटचा स्वर बदलतो, म्हणून 'फुलाला', 'विटा', 'गरिबाला', 'विहिरीत' यांत तो आखूड होतो. 'दिवस'मध्ये बोलताना शेवटी 'वस्'मधला 'अ' येतो, म्हणून 'दि' पहिली. तेच शेपूट, जे 'वाघ'ला लावलं होतं. त्याला वाचताना नडणारा तो गिळलेला 'अ' इथे असा उपयोगी पडतो.

अपवाद आहेत. 'आणि' हा एक, तो पाठच करायचा. गुण, विष, मंदिर असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम मानत नाहीत. पुढे अनुस्वार असेल तर सहसा आखूड: चिंच, उंट. माणसांची नावं आपापली. हे सगळं सात वर्षांच्या मुलावर ओतू नका. यंदा फक्त 'शेवटी दुसरी वेलांटी, शेवटी दुसरा उकार' एवढंच. 'फूल' पुढच्या वर्षी.

दहा वेळा लिहिण्याबद्दल म्हटलं होतं. दुसऱ्या ओळीपासून हात एकटाच चालतो, डोकं बाहेर खेळायला गेलेलं असतं. कित्येक वह्यांत मी पाहिलंय, तिसऱ्या ओळीत नवी चूक शिरते आणि पुढच्या सात ओळी ती चूकच पक्की होते. त्याऐवजी: शब्द बघ, झाक, मोठ्याने बोल, लिही, उघडून ताड. एकदाच, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि आठवड्याने पुन्हा. पाच शब्द पुरेत. श्रुतलेखनही पाचच शब्दांचं. आणि रोज एक ओळ त्याला त्याच्या मनाने लिहू द्या, दुकानाची यादी असो की मामाला निरोप. त्यात चुका शोधू नका. वाचा आणि यादीप्रमाणे सामान आणा. 'सबन' लिहिलं तरी साबण आणा.

जोडाक्षरांची घाई नको. विशेषतः 'र'ची, तो चार वेश घेतो: सूर्य, चक्र, ट्रक, आणि 'दुसऱ्या'तला अर्धा. 'आचार्याने' आणि 'आचाऱ्याने' यांतला फरक मोठ्यांनाही सुटत नाही.

राहिला फोनिक्सचा क्लास. इंग्रजी ध्वनीतून शिकवायला माझा विरोध नाही, उलट 'सी-ए-टी कॅट' घोकण्यापेक्षा ते कधीही बरं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, ते कुणाला चुकत नाही. पण मी स्वतः बघितलेल्या काही वर्गांत बाई 'ब', 'ट', 'क' असे अकारासकट आवाज शिकवत होत्या. मग 'क-ॲ-ट' जोडलं की 'कॅट' होतच नाही, 'क-ॲ-टऽ' होतं. म्हणजे 'क-म-ळ'चाच घोळ, फक्त फी भरून. मराठी माणसाजवळ याला नामी इलाज आहे, पाय मोडलेलं अक्षर: क्, ट्, ब्. क्लासला जायचंच झालं तर एकदा दाराशी उभं राहून ऐका. शिकवणाऱ्या 'ट्' म्हणतात की 'ट'? आणि मुलाच्या कानाने मराठीत व्यंजन-स्वर वेगळे केले की इंग्रजीचं निम्मं काम झालेलं असतं. ॲ आणि ऑ तर २००९ च्या शासन निर्णयाने आपल्या स्वरांत बसलेच आहेत, बाराखडीची चौदाखडी झाली. इंग्रजीची अडचण वेगळीच आहे, २६ अक्षरांत चाळिसाहून जास्त ध्वनी कोंबलेले. ती नंतर बघता येईल. माझा कल विचाराल तर सहा महिने थांबा.

थांबू नये असं कधी? रोज पंधरा मिनिटं, तीन-चार महिने मनापासून करूनही दोन अक्षरं जोडता येत नसतील, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या. वर्गात एका मुलाला मी वर्षभर 'लक्ष नाही' म्हणत होते, त्याच्या एका कानाला कमी ऐकू यायचं. तपासणीत काही नाही निघालं, तर वाचन-अक्षमतेची चाचणी. ठाम निदान साधारण आठ वर्षांनंतर, तिसरीच्या सुमारास करतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली चाचणी मराठीतही आहे, तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी चाचणीवरून जोखू देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, त्यामुळे निदान झालं तर सवलती मिळतात. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तशी शंका येत नाही. 'दूद' लिहिणारा मुलगा ऐकतोय.

भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता काढू नका, त्याला तो आवडत असेल. फक्त उद्या सकाळी चार कागदांवर म, न, क, ल लिहा, दोन कागदांवर काना आणि दुसरी वेलांटी, आणि जेवायच्या वेळी ताटाशेजारी 'मला मका' मांडून ठेवा. मका मात्र खरा आणून ठेवायचा.